प्रश्न घडवायला शिकवणे: पदव्युत्तर वर्गातले डिझाइन थिंकिंग

ब्रायन लॉसन या ब्रिटिश वास्तुरचना-अभ्यासकाने १९७० च्या दशकात एक साधा वाटणारा प्रयोग केला. काही रंगीत ठोकळे, ते बसवण्यासाठी चौकटींचा एक पट आणि एक काम: ठोकळे असे मांडा की बाहेरच्या कडेला लाल रंग, किंवा सांगितले असेल तर निळा, जास्तीत जास्त दिसेल. मेख एवढीच होती की कोणते ठोकळे एकत्र चालतील याचा एक नियम लपवून ठेवलेला होता. मांडणी करून दाखवली की ती चालते की नाही, इतकेच कळायचे.

यात दोन गट होते. एक वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आधी नियमाचा पाठलाग केला. रंगाकडे फारसे न पाहता त्यांनी वेगवेगळ्या जोड्या भराभर लावून पाहिल्या, म्हणजे काय चालते आणि काय नाही याची माहिती गोळा होईल. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या फटक्यालाच रंगाच्या दृष्टीने सर्वांत चांगली मांडणी केली. ती नाकारली गेली की तिच्या खालोखालची. उत्तरे मांडता मांडता त्यांना नियमाचा अंदाज येत गेला.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लॉसन यांनी हाच प्रयोग शाळा संपवत आलेल्या मुलांवर आणि वास्तुरचनेच्या अगदी नव्या विद्यार्थ्यांवर केला, तेव्हा असा ठळक फरक आढळला नाही. म्हणजे विचार करण्याच्या या दोन रीती विद्यार्थी जन्मतः घेऊन येत नाहीत, त्या शिक्षणातून अंगवळणी पडतात. पदव्युत्तर वर्गात डिझाइन थिंकिंग शिकवायला उभे राहणाऱ्या शिक्षकासमोर कोरी पाटी नसते. समोर बसलेल्या प्रत्येकाने चार-पाच वर्षे घालवून विचार करण्याची एक रीत कमावलेली असते, आणि त्याच रीतीने त्याला इथवर आणलेले असते.

डिझाइन म्हणजे काय नव्हे

‘डिझाइन’ म्हटले की मराठी कानाला नक्षी ऐकू येते. साडीचे डिझाइन, मोबाइलच्या पाठीचे डिझाइन, फार तर इमारतीचा आराखडा. त्यामुळे डिझाइन थिंकिंग म्हणजे वस्तू सुंदर करण्याची कला, असा समज पहिल्याच तासाला भेटतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली डिझाइनची फार व्यापक व्याख्या केली होती. असलेली परिस्थिती हव्या त्या परिस्थितीत बदलण्यासाठी जो कोणी कृती आखतो तो डिझाइनच करत असतो, असे त्यांचे म्हणणे. या अर्थाने उपचारांची योजना आखणारा डॉक्टर आणि अभ्यासक्रम बांधणारा शिक्षक दोघेही डिझाइन करतात. डिझाइनर ज्या तऱ्हेने काम करतात ती तऱ्हा इतर क्षेत्रांतल्या प्रश्नांना लावून पाहणे म्हणजे डिझाइन थिंकिंग, अशी ढोबळ ओळख पुरेशी आहे.

हे नाव घरोघरी पोहोचले ते नंतर. अमेरिकेत १९९१ साली उभ्या राहिलेल्या आयडिओ या डिझाइन कंपनीने ही पद्धत उद्योगांपुढे नेली. तिच्या संस्थापकांपैकी डेव्हिड केली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत. तिथे सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक हासो प्लॅटनर यांच्या देणगीतून डी-स्कूल हे डिझाइन थिंकिंग शिकवणारे केंद्र सुरू झाले आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅम इथे तसेच दुसरे. तिथूनच ते पाच शब्द जगभर पसरले: समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, नमुना बनवा, तपासा.

हे पाच शब्द शिकवायला एक तास पुरतो. अडचणही नेमकी तीच आहे. पदव्युत्तर विद्यार्थी हुशार असतो. तो पाच पायऱ्या पाठ करतो, प्रत्येक पायरीचा एक तक्ता भरतो, रंगीत चिकटचिठ्ठ्यांनी भिंत सजवतो, आणि शेवटी पहिल्या दिवशी मनात आलेलेच उत्तर सादर करतो. मधल्या सगळ्या खटाटोपाने त्याच्या विचारात तसूभरही फरक पडलेला नसतो.

चिवट प्रश्न

पायऱ्यांच्या आधी प्रश्नांचे प्रकार शिकवावेत, असे माझे ठाम मत आहे. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ साली नियोजनाविषयी लिहिताना दोन प्रकार केले होते. एक सरळ प्रश्न: समीकरण सोडवा, बुद्धिबळात पाच चालींत मात करा. प्रश्न स्पष्ट असतो आणि उत्तर आले की आले हे कळते. दुसरे चिवट प्रश्न. शहरातली गुन्हेगारी, वाहतूक, शाळागळती. इथे प्रश्न काय आहे यावरच लोकांचे एकमत नसते. काम संपल्याची घंटा कधी वाजत नाही. उत्तर बरोबर की चूक असे ठरत नाही, बरे की वाईट एवढेच म्हणता येते. आणि एकदा उपाय केला की त्याचे परिणाम पुसून पुन्हा सुरुवात करता येत नाही.

त्यांचा सगळ्यात खोल मुद्दा असा, की चिवट प्रश्न कसा मांडायचा हे ठरवतानाच त्याचे उत्तर कोणत्या दिशेला असेल हेही ठरून जाते. गुन्हेगारी हा पोलिसांच्या कमी संख्येचा प्रश्न मानला तर उत्तर एका बाजूला जाईल, रोजगाराचा मानला तर दुसऱ्या.

पदवीपर्यंतच्या परीक्षेत प्रश्न छापून येतो आणि विद्यार्थी उत्तर लिहितो. प्रश्नच चुकला असेल अशी शंका घेतल्याबद्दल तिथे गुण मिळत नाहीत. पदव्युत्तर पातळीवर, विशेषतः संशोधन करताना किंवा नोकरीत वरच्या जागी बसल्यावर, छापलेला प्रश्न समोर येत नाही. येते ती तक्रार, गोंधळ किंवा वरिष्ठांनी घाईत उच्चारलेले एखादे वाक्य. त्यातून हाताळता येईल असा प्रश्न घडवणे ही वेगळी विद्या आहे, आणि डिझाइन थिंकिंगच्या वर्गात शिकवण्याजोगी मुख्य गोष्ट तीच.

दोन संध्याकाळी ग्रंथालयात

समजा, वर्गाला एक साधे वाक्य दिले: ‘ग्रंथालयात संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही.’ पंधरा मिनिटांत उपाय येऊ लागतात. रिकाम्या खुर्च्या दाखवणारे ॲप. जागेचे आगाऊ आरक्षण. आणखी एक मजला. तिन्ही उपायांनी ‘जागा कमी आहे’ हे गृहीत धरलेले असते, आणि ते कोणीही तपासलेले नसते.

आता त्याच विद्यार्थ्यांना दोन संध्याकाळी ग्रंथालयात नुसते बसून पाहायला सांगायचे. कोणाला काही विचारायचे नाही, काही सुचवायचे नाही. पानाच्या एका बाजूला डोळ्यांनी दिसले ते लिहायचे, दुसऱ्या बाजूला त्यावरून मनात आले ते. हे दोन रकाने वेगळे ठेवायला लावणे हा माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी सराव आहे. ‘मुलगी कंटाळली होती’ हे पहिल्या रकान्यात चालत नाही. ‘तिने दहा मिनिटांत चार वेळा घड्याळ पाहिले’ हे चालते.

अशा वहीत काय सापडू शकते? बऱ्याच खुर्च्यांवर माणसे नाहीत, पिशव्या बसल्या आहेत. चौघांच्या टेबलावर दोघे समोरासमोर बसले की तिसरा तिथे जायला बिचकतो. भिंतीतल्या विजेच्या खटक्यांभोवती दाटी आहे आणि मधला भाग ओस. चहाला उठणारा माणूस वही उघडी टाकून जातो, कारण उठलो तर जागा जाईल ही भीती आहे. हे पाहिल्यावर प्रश्नाचे वाक्य बदलते. ‘जागा कमी आहे’ याच्या जागी येते, ‘थोड्या वेळासाठी उठणाऱ्याला जागा जाण्याची भीती वाटणार नाही, आणि रिकामी खुर्ची अडूनही राहणार नाही, असे काय करता येईल?’

यानंतर मुलाखती. इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात: ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारतात. माणसे सभ्यपणे काहीतरी सांगतात आणि विद्यार्थी ती मागणी म्हणून टिपून घेतात. त्यापेक्षा ‘मागच्या वेळी तुम्ही इथे आलात तेव्हा काय काय झाले ते सुरुवातीपासून सांगा’ असे विचारावे. घडून गेलेल्या प्रसंगात तपशील असतो, इच्छांच्या यादीत तो नसतो.

समजून घेण्याच्या या टप्प्याला इंग्रजीत ‘एम्पथी’ हा जो शब्द आहे त्याचे मराठीत अनेकदा ‘सहानुभूती’ असे भाषांतर होते, आणि त्याने घोटाळा होतो. सहानुभूतीत कणव आहे, देणारा वर आणि घेणारा खाली आहे. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला ‘समानुभूती’ हा शब्द इथे नेमका बसतो. दुसऱ्याच्या जागेवरून तेच दृश्य पाहता येणे. विद्यार्थ्यांना हा फरक शब्दापासूनच सांगावा.

स्वस्त इन्क्युबेटरचे काय झाले

प्रश्न बदलल्याने काय घडते याचे एक उदाहरण पदव्युत्तर वर्गातूनच आलेले आहे. स्टॅनफर्डमध्ये अत्यल्प खर्चातल्या डिझाइनचा एक अभ्यासक्रम आहे. तिथल्या एका गटाला काम मिळाले होते ते कमी वजनाच्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवण्याचे. काम तांत्रिक वाटत होते: महागडे यंत्र घ्या, सुटे भाग कमी करा, किंमत उतरवा.

मग गटातला एक जण नेपाळला गेला. तिथे रुग्णालयात इन्क्युबेटर होते, पण बरेचसे रिकामे पडून होते. ज्या बाळांना उबेची गरज होती ती खेड्यांत जन्मत होती, आणि यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हती. इन्क्युबेटर आणखी स्वस्त केला असता तरी तो शहरातच रिकामा पडला असता. प्रश्न ‘यंत्राची किंमत कशी उतरवावी’ यावरून ‘दूरच्या खेड्यात, विजेचा भरवसा नसताना बाळ उबदार कसे ठेवता येईल’ इथे आला. त्यातून निघाली झोपण्याच्या पिशवीसारखी दिसणारी, बाळाला गुंडाळायची एक पिशवी. तिच्यात मेणासारखा पदार्थ असतो. तो एकदा तापवला की कित्येक तास शरीराच्या तापमानाजवळ, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहतो. या गटाने पुढे ‘एम्ब्रेस’ नावाची संस्था काढली.

या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. सुरुवातीच्या नमुन्यावर तापमान आकड्यांत दिसत असे. भारतात तो दाखवताना एका आईकडून समजले, की परदेशी औषधे फार तीव्र असतात असे तिला वाटते, म्हणून डॉक्टर एक चमचा म्हणाले तर ती अर्धाच देते. मग ३७ अंश सांगितले तर सुरक्षित राहावे म्हणून ती ३० वरच थांबली असती. बाळाच्या काळजीपोटी केलेली ही गोष्ट बाळासाठीच धोक्याची होती. गटाने आकडे काढून टाकले आणि तापमान पुरेसे आहे की नाही एवढेच दाखवणारी खूण ठेवली. कागदावर हा दोष कोणाला सापडला असता? नमुना हातात ठेवून समोरच्याचे ऐकले, म्हणूनच तो सापडला.

कल्पना काढण्याचा तास

अॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरात व्यावसायिकाने विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रेनस्टॉर्मिंग लोकप्रिय केले: एकत्र बसा, सुचेल ते बोला, टीका करू नका, संख्या वाढवा. वर्गात हा तास सगळ्यांना आवडतो. पण १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या अभ्यासात आढळले, की एकत्र बोलणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसे वेगवेगळी बसून विचार करतात तेव्हा त्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरतात. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी याचे एक मोठे कारण दाखवले. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचा विचार अडतो किंवा निसटतो. म्हणून आधी दहा मिनिटे प्रत्येकाने गप्प बसून लिहावे, मग कागद एकमेकांना द्यावेत आणि शेवटी बोलावे. जो विद्यार्थी कधीच तोंड उघडत नाही त्याच्या कल्पनाही मग टेबलावर येतात.

दुसरा सापळा शिक्षक स्वतःच लावतो. ‘मागच्या वर्षीचा उत्तम प्रकल्प पाहा’ म्हणून तो नमुना दाखवतो. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये यावर प्रयोग केले. डिझाइनचे काम देताना काही जणांना आधी एक उदाहरण दाखवले, काहींना नाही. ज्यांनी उदाहरण पाहिले त्यांच्या आराखड्यांत त्याची वैशिष्ट्ये उतरली, अगदी सदोष वैशिष्ट्येसुद्धा, आणि तीही ज्यांना सूचनांमध्ये स्पष्ट मनाई होती ती. पाहिलेले डोक्यातून जात नाही. उदाहरणे जरूर दाखवावीत, पण विद्यार्थ्यांनी स्वतःचे पहिले चार-पाच कच्चे आराखडे काढून झाल्यावर.

नमुन्याबद्दल थोडक्यात. नमुना जितका ओबडधोबड तितका चांगला, कारण चकचकीत वस्तूला नावे ठेवायला माणसे संकोचतात. आपल्या ग्रंथालयात पुठ्ठ्याचे एक घड्याळ पुरेल, ‘मी इतक्या वाजता परत येईन’ असे काटे फिरवून टेबलावर ठेवायचे. एका संध्याकाळी दहा टेबलांवर ठेवून पाहावे. कदाचित लोक काटे एक तास पुढे करून जातील आणि जागा आणखीच अडेल. तसे झाले तर एका संध्याकाळच्या आणि थोड्या पुठ्ठ्याच्या मोबदल्यात फार मोलाची माहिती मिळाली. नमुना बनवण्याआधी एक वाक्य मात्र लिहून घ्यावे: हा नमुना कोणत्या शंकेचे उत्तर देणार आहे? ते वाक्य नसेल तर तपासणी म्हणजे कौतुक गोळा करणे होते.

गुण कशाला द्यायचे

हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रम इथेच घसरतात. वर्गात सांगायचे की अपयशातून शिका, आणि शेवटी गुण द्यायचे ते ज्याचे सादरीकरण देखणे त्याला. विद्यार्थी काय ते ओळखतात. पुढच्या वर्षी कोणीही पुठ्ठ्याचे घड्याळ करत नाही, सगळे ॲपचे सुबक पडदे करतात, कारण ते कधीच फसत नाहीत. फसतील अशा ठिकाणी ते नेलेच जात नाहीत.

मी शंभरातले निम्मे गुण प्रश्नाच्या प्रवासासाठी ठेवीन. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने प्रश्नाचे वाक्य लिहून शिक्षकाकडे द्यावे. पुढे ते वाक्य बदलेल तेव्हा नवे वाक्य, तारीख आणि कोणत्या निरीक्षणामुळे बदलले ते वहीत नोंदवावे. तोंडी परीक्षेत या नोंदींवरच प्रश्न विचारावेत. ज्या गटाचे वाक्य सत्रभर एकदाही बदलले नाही त्याच्याशी जास्त बोलावे. क्वचित पहिलेच वाक्य बरोबर असते, पण मग तसे दाखवणारा पुरावाही वहीत असायला हवा.

उरलेल्या गुणांत टीका ऐकण्याला जागा हवी. न्यूयॉर्कमधल्या डिझाइनर नताशा जेन यांनी २०१७ मध्ये एका व्याख्यानात डिझाइन थिंकिंगवर कडक हल्ला चढवला होता. डिझाइनच्या शाळांत प्रत्येक काम सहकाऱ्यांसमोर भिंतीवर लावून त्याची चिरफाड होते, आणि लोकप्रिय पाच पायऱ्यांतून नेमका तोच भाग गळला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला पूर्णपणे पटतो. कल्पना काढताना टीका थांबवायची ती तेवढ्या तासापुरती, सत्रभर नाही.

टीका कशी करावी हेही शिकवावे लागते. व्यावसायिक कसे विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात वास्तुरचनेच्या एका शिक्षकाचे आणि विद्यार्थिनीचे संभाषण बारकाईने उलगडले आहे. विद्यार्थिनी अडली आहे, तिचा आराखडा उताराच्या जमिनीत बसत नाही. शिक्षक तिला तत्त्वे सांगत बसत नाही. तो तिच्या कागदावर आपला कागद ठेवतो आणि रेघा काढत मोठ्याने विचार करू लागतो: असे केले तर काय होईल, इथे काय बिघडेल, मग पुन्हा काय. तयार उत्तर सांगितले तर विद्यार्थी ते उतरवून घेतो. विचार उलगडून दाखवला तर त्याची चाल त्याला दिसते. यासाठी शिक्षकाला वर्गासमोर अडखळण्याची तयारी ठेवावी लागते, आणि पदव्युत्तर वर्गात हे धैर्य सोपे नाही.

वेळेचेही बोलले पाहिजे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत पायऱ्यांची तोंडओळख होते, प्रश्न बदलण्याइतका वेळ मिळत नाही. पूर्ण सत्र, एकच प्रश्न आणि वेगवेगळ्या विद्याशाखांतून आलेले चार-पाच जण एका गटात, एवढे किमान असावे. आकडेमोड जाणणारा आणि माणसांशी बोलू शकणारा एकाच टेबलावर बसले की लॉसन यांच्या प्रयोगातल्या दोन्ही रीती समोरासमोर येतात. पहिले तीन आठवडे ते भांडतात. एक म्हणतो, आधी सगळी माहिती गोळा करू. दुसरा म्हणतो, काहीतरी करून बघू. शिक्षकाने हे भांडण मिटवण्याची घाई करू नये.

आणि ही पद्धत कुठे वापरू नये हेही त्याच सत्रात सांगावे. प्रश्न सरळ असेल, उत्तर माहीत असेल आणि अडचण फक्त ते अमलात आणण्याची किंवा पैशांची असेल, तर चिकटचिठ्ठ्या लावत बसणे म्हणजे वेळकाढूपणा. ज्यांच्या आयुष्याकडे आपण पाहणार आहोत त्यांची संमती, त्यांचा वेळ आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी यांचीही जबाबदारी येते. एम्ब्रेसच्या गटाला त्या आईने जे सांगितले ते तिच्या घरातले होते. विद्यार्थ्याने वहीत असे काही टिपले असेल, तर सत्र संपल्यावर त्या माणसाकडे परत जाऊन ‘तुमच्या सांगण्यावरून आम्ही हे बदलले’ असे दाखवून यावे. त्या भेटीची नोंद वहीचे शेवटचे पान म्हणून असावी, आणि तिलाही गुण असावेत.